जन्मवाटा

चाखणीने पहिल्या तांबोशीची चव घेतली तेव्हा पोफळदांड्याच्या किनाऱ्यावर माशाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे सुचिता तारीच्या तोंडाकडे बघत होते. सुचिता खाडीपलीकडच्या शिरगळची, तिथल्या राखण समितीची अध्यक्ष. यंत्राचा निकाल काय लागायचा तो लागेल, पण ही बाई आपला आनंद कुठवर दाबून ठेवते, ते लोकांना बघायचं होतं.

चाखणी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. त्याचं सरकारी नाव बरंच लांब होतं आणि ते फक्त फरहान मुकादमला पाठ होतं. फरहान रत्नागिरीचा, समुद्री जीवांचा अभ्यासक. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कापसाने टिपायचा, कापूस यंत्राच्या तोंडात घालायचा, की यंत्र थोडा वेळ गुरगुरतं आणि निकाल देतं. बायांनी ते गुरगुरणं ऐकलं आणि कालवण चाखणाऱ्या सासूची आठवण येऊन त्याला चाखणी म्हणायला सुरुवात केली.

"आत जन्मलेली," फरहान म्हणाला.

आत म्हणजे शिरगळसमोरच्या राखीव खडपात, पाण्याखालच्या खडकांत. दुसरी तांबोशीही आतली निघाली. तिसरी बाहेरची निघाली तेव्हा पोफळदांड्याच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. पण ते तेवढ्यापुरतंच. टोपली रिकामी होईपर्यंत सगळ्यांना कळलं, की पोफळदांड्याच्या जाळ्यात आलेल्या दर चार तांबोश्यांपैकी तीन शिरगळच्या लेकी होत्या.

"जरा सांभाळ गो सुचिता," गर्दीतून प्रमिला कुबल म्हणाली. "आनंदान ती चाखणी पाण्यात पाडशीत."

प्रमिला सुचिताची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. पोफळदांड्यात दिलेली.

"पडूची नाय, वन्सं. आठ वर्सां उन्हातान्हात पारो केलंय. हात घट झालेत."

"पारो केलंस ता बरा केलंस. पण फणस कोणाच्या झाडाचो ह्यां इचारून गऱ्यांची चव बदालता काय?"

हशा पिकला. सुचिताही हसली, हसणाऱ्यांत आपली नोंद असावी, एवढ्यापुरतं. तिचं लक्ष होडीच्या पुढच्या नाळीला टेकून उभ्या असलेल्या मयुरेशकडे होतं. होडी त्याची, मासे त्याचे आणि तो तिचा. निदान जन्माने.

"कुठच्या माशाची कोण आवस ता कळला," मयुरेश म्हणाला. "आता वाटो खय आणून घालू, मम्मी?"

मग प्रमिलाकडे वळून, अगदी सहज, तो म्हणाला, "आये, टोपली दी गो ती."

इथे बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद संपला. बघणाऱ्यांचे पैसे वसूल झाले.

*

सुचिताच्या मत्सराचा हिशेब नीट मांडायचा तर दोन खाती उघडावी लागतात. एक गावाचं, एक घरचं. ती स्वतः या दोन खात्यांत सारखी घोळ करी, हेच खरं दुखणं होतं.

गावाचं खातं असं. शिरगळसमोर पाण्याखाली खडपांची रांग आहे. आठ वर्षांपूर्वी ती राखीव झाली. तिथे जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, नांगरसुद्धा टाकायचा नाही. शिरगळच्या लोकांनी आपली सगळ्यांत चांगली जागा सोडली आणि पाळ्या लावून तिची राखण केली. मासे वाढले, मोठे झाले, आणि मोठे झाल्यावर बाहेर पडले. राखीव समुद्राच्या कडेला भिंत नसते. बाहेर पडले ते थेट खाडीच्या तोंडाशी, पोफळदांड्याच्या जाळ्यांत. शास्त्राच्या पुस्तकात याला यश म्हणतात. शिरगळात याला वेगळं नाव होतं, ते इथे लिहिता येत नाही. पोफळदांड्यात कुणी घराला रंग दिला, की शिरगळात त्या आठवड्यात जेवण बेचव व्हायचं.

मग चाखणी आली. तिच्यामागचं शास्त्र कठीण नाही. प्रत्येक पोराच्या पेशीत अर्धी नक्कल आईची असते आणि अर्धी बापाची, मग ते पोर माणसाचं असो की माशाचं. फरहानच्या पाणबुड्यांनी दोन हंगाम खपून खडपातल्या मोठ्या तांबोश्यांच्या परांचे नखाएवढे तुकडे घेतले, प्रत्येकीची जनुकीय खूण उतरवली आणि त्यांची वंशावळ यंत्रात भरली. आता बाहेर कुठेही धरलेली तांबोशी चाखली, की तिची अर्धी अर्धी खूण त्या वंशावळीत कुणाशी जुळते ते यंत्र शोधतं. जुळली, तर ती आतली.

कळलं, आता त्याचं करायचं काय? दोन्ही गावांचं मिळून एक मंडळ होतं, पाच इथले, पाच तिथले, त्यांच्यावर अध्यक्ष, आलटून पालटून; यंदा सुचिता. बाहेरच्या तज्ज्ञांना वाटलं होतं की इथे डोकी फुटतील. फुटली नाहीत, कारण दोन्ही गावं रापणीची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं; अख्खी वाडी दोर ओढते, आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो. तू कोण, उशिरा का आलास, जोर किती लावलास, हे कुणी विचारत नाही. तेव्हा सुचिताने मंडळात एवढंच म्हटलं, "आमचो हात दोराक लागलो काय नाय? मगे आमचो वाटो." पोफळदांड्याला मान हलवावी लागली. दहा टोपल्या आतल्या तांबोशीच्या निघाल्या तर एक शिरगळची. त्या वाट्याला नाव पडलं, जन्मवाटा.

आता घरचं खातं. सुचिताचा नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा मयुरेश तीन वर्षांचा होता. ती रत्नागिरीला मासे साफ करणाऱ्या कारखान्यात लागली, तिथल्याच खोल्यांत राहिली, आणि पोर नणंदेकडे ठेवलं. प्रमिलाला मूल नव्हतं. सहा वर्षांनी सुचिता परत आली, तेव्हा पोराने तिला बसायला पाट दिला, पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मम्मी, तू परत कधी जातलंस?" पोर पोफळदांड्यातच राहिलं. तिथेच होडीवर चढलं, होडी हाकणारा तांडेल झालं, स्वतःची होडी केली. सुचिताने मग खडपांची राखण मनावर घेतली. लोक म्हणाले, बाईला समुद्राचं केवढं प्रेम.

आणि याच वर्षी एक नवा नियम आला. धनदांडगे बाहेरून येऊन गरीब गावांच्या नावावर होड्या घालू लागले होते, ते थांबवायला. होडी ज्या गावात नोंदवायची त्या गावात मालक जन्मलेला हवा. नसेल, तर जन्मगावच्या राखण समितीची ना-हरकत हवी. नियम चांगलाच होता. फक्त मयुरेश जन्मला होता शिरगळात, आणि तिथल्या समितीची अध्यक्ष होती त्याची आई. पावसाळ्यानंतरच्या हंगामाला ना-हरकत नसेल, तर त्याने एक तर शिरगळात यायचं, नाही तर होडी किनाऱ्याला लावून ठेवायची.

सुचिताने हा नियम वाचला त्या दिवशी घरी शिरा केला होता, असं शेजारीण सांगते.

*

जन्मवाटा सुरू झाला. तो पोचवायला मयुरेश स्वतः येऊ लागला. सुचिताला हवं होतं ते हेच. खाडी ओलांडून तो येणार, दारात टोपली उतरवणार, पाणी पिणार. तिने त्याच्यासाठी नवा पितळी तांब्या काढून ठेवला.

पहिल्या खेपेला तो म्हणाला, "आयेन सांगल्यान, नीट बघून घे. वाटो कमी नको."

दुसऱ्या खेपेला टोपलीबरोबर एक डबा होता. "आयेन तिखला केल्यान. तुका आवाडता म्हणान धाडल्यान."

सुचिताने तिखलं खाल्लं. चांगलं होतं. तेवढा एकच दोष त्यात होता.

तिसऱ्या खेपेला तो पाणी न पिताच निघाला. आये वाट बघत असेल म्हणाला. सुचिता टोपलीजवळ बसून राहिली. दहांतली एक टोपली आपली, म्हणजे नऊ तिकडेच. आपल्या खडपात जन्मलेल्या, आपण राखलेल्या, आणि नऊ तिकडे. वाट्याने तिचं समाधान व्हायला हवं होतं. पण वाटा मिळाला की उरलेलं किती, ते नेमकं कळतं. हा वाट्याचा वाईट गुण.

त्याच सुमाराला खाडीच्या तोंडाशी गाळ काढायला ड्रेजर आला. त्याच्या दातांत मासे सापडू नयेत म्हणून मंडळाने आवाजाचं कुंपण लावलं. पाण्यात सोडलेले डबे, सौर पट्टीवर चालणारे. ते सारखा खोल, जड ठोका देत. त्या ठोक्यापासून मोठे मासे दूर राहतात. चालू-बंद करायची कळ अध्यक्षांच्या फोनवर.

ड्रेजर होता तोवर तांबोश्या खडप सोडून बाहेर आल्या नाहीत. पोफळदांड्याची जाळी हलकी आली. सुचिता रोज सकाळी खडपावर पाणकाच घालून बघे. खालचं पाणी लालसर माशांनी भरलेलं. सगळ्या घरात. एकही बाहेर नाही.

मग ड्रेजर गेला. मंडळात सुचिताने सांगितलं, कुंपण बंद केलं. आणि कळ दाबली नाही.

काही दिवसांचीच गोष्ट, असं तिने स्वतःला सांगितलं. पण दिवस गेले, महिने गेले, आणि प्रत्येक वेळी कळ दाबायची म्हटलं की तिला नऊ टोपल्या दिसत, आणि त्यांच्यामागे दारात उभी असलेली वन्सं.

*

थंडी सरता सरता मयुरेश आला तो टोपली न घेता.

"वाटो नाय?" सुचिताने विचारलं.

"धरलंय काय तर वाटो." तो पायरीवर बसला. "मी ना-हरकतीसाठी इलंय, मम्मी. पावसाआधी कागद जावचे आसत."

"माझी कसली हरकत? हय नोंदव. शिरगळात. घर तुझा, आंगण तुझा. घाटार होडयेक जागा मी धरून ठेवलंय."

"माझी माणसां थय आसत. होडयेर चार घरां चलतत माझ्या."

"आणि मी खयची?"

"तू शिरगळची," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

"जन्म कोणी दिलो तुका?"

"तूच दिलंस. मी कधी नाय म्हटलंय?" तो नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत म्हणाला, "होडयेत आडवो झालंय ना, की खालसून ठोके आयकाक येतत. धप्प, धप्प. ड्रेजर जाऊन किती महिने झाले?"

"बॅटरी ऱ्हवली असात थोडी. थांबतले."

मयुरेशने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं, रागाशी भांडता येतं. तो उठला.

"आयेक सांगलंय मी ठोक्यांचा. ती म्हणाली, गप ऱ्हव. तुझी आवस ती."

तो गेला. तिने संध्याकाळी कळ दाबली, ठोके थांबवले. पण ते आपण चूक सुधारतो आहोत म्हणून नव्हे. प्रमिलाला माहीत आहे आणि ती गप्प आहे, हे तिला खपत नव्हतं.

*

फाल्गुनात फरहान आला तो थेट समितीच्या खोलीत. नेहमी आला की चहा मागणारा माणूस. आज खुर्चीतही नीट बसला नाही.

"मावशी, खाडीत पिल्लं नाहीत."

"कसली पिल्लं?"

"तांबोशीची. दर वर्षी या दिवसांत मी खाडीत कांदळाच्या मुळांत दिव्याचे सापळे लावतो. बोटभर पिल्लांनी भरून येतात. या वर्षी रिकामे."

"पण ती जन्मतत आमच्या खडपात. खाडयेत कित्याक शोधतंस?"

फरहानने खिशातून काचेची छोटी बाटली काढली. आत तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे होते. "हे माशाच्या कानातले खडे. झाडाच्या खोडासारखी यात रोज एक वळी पडते. समुद्राच्या पाण्यात स्ट्राँशियम जास्त, खाडीच्या गोड्या-मचूळ पाण्यात बेरियम जास्त. मासा ज्या पाण्यात राहतो त्याची खूण त्या दिवसाच्या वळीत बसते. चाखणी फक्त जन्म सांगते. हा खडा सांगतो, वाढला कुठे." त्याने बाटली हलवली. "तुमच्या खडपातून बाहेर येऊन जाळ्यात सापडलेल्या थोर तांबोश्यांचे आहेत हे. एकूण एक तांबोशी लहानपणी खाडीत राहिलेली आहे. पोफळदांड्याच्या कांदळात. दोन दोन, तीन तीन वर्षं."

सुचिताने बाटली त्याच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली.

"अंडी फुटली की पिल्लं महिनाभर उघड्या समुद्रात वाहत असतात," फरहान सांगत होता. "डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढी. त्यांना खाडी सापडते आवाजाने. कांदळाच्या मुळांत टिचक्या मारणाऱ्या बारक्या कोळंब्या असतात, तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज करतात. पिल्लं त्या तडतडण्याच्या मागाने आत येतात. पोफळदांड्याने ते कांदळवन कधी तोडू दिलं नाही. त्यांनी पाटी लावली नाही, समिती केली नाही, म्हणून आपल्या कुणाच्या हिशेबात ते आलं नाही."

"आणि यंदा?"

"यंदा त्यांना काही ऐकूच आलं नाही. मोठ्या ठोक्याखाली बारीक आवाज बुडाला. या वर्षीची पिल्लं गेली, मावशी. तीन-चार वर्षांनी तुमच्या खडपात त्या वयाचा मासाच नसेल." त्याने बाटली परत घेतली. "कुंपणाच्या डब्यांत चालू राहिल्याची नोंद असते. मी ती अजून मंडळाला दाखवलेली नाही. बिघाड झाला असेल, असं मला वाटून घ्यायचं आहे."

भला पोरगा. सुचिताच्या आयुष्यात त्या काळात भल्या माणसांची फारच गर्दी झाली होती.

*

मंडळाची सभा पोफळदांड्याच्या शाळेत भरली. दोन्ही गावं खिडक्यांतून डोकी घालून. विषय दोन: पिल्लं का आली नाहीत, आणि फरहानने सुचवलेला नवा वाटा. जन्माचा जसा एक वाटा, तसा वाढीचाही एक. म्हणजे खडपांचा मासा वाढवते म्हणून खाडीलाही मान, पोफळदांड्याला राखीव पाण्याच्या कारभारात हात, आणि शिरगळच्या जन्मवाट्यातून निम्मा कमी.

शिरगळचे पाचही विरुद्ध. "वाढ कसली? मासो आपलो आपण वाढता," एक जण म्हणाला. "जन्म दिलो कोणी, ता बघा. उद्या म्हणशात वाऱ्याकय वाटो देवा!"

"मगे तुमच्या खडपात ठेवा ना पिल्लां," पोफळदांड्याचा एक म्हणाला. "दूध पाजा तेंका."

हशा, आरडाओरडा, टेबलावर थापा. मतं पडली तर पाच-पाच होणार आणि निर्णय अध्यक्षांच्या हातात येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुचितालाही. जन्म मोठा, हे तिने इतकी वर्षं दोन्ही खात्यांत लिहून ठेवलं होतं. वाढीला वाटा दिला की मासे जातील ते जातील. पण मग खाडीपलीकडे ज्याला वाढवलं त्याच्यावर तिने कोणत्या तोंडाने हक्क सांगायचा?

"त्याआधी पिल्लांचा बोला," कुणीतरी ओरडलं. "ठोके आमी आयकलेत. कुंपण चालू कोणी ठेवल्यान?"

फरहान आपल्या कागदांत बघू लागला. सगळ्यांचे डोळे सुचिताकडे वळले, आणि ती उत्तर जुळवत असतानाच मागच्या बाकावरून प्रमिला उठली.

"कोणी ठेवल्यान म्हणजे? यंत्र ता," ती म्हणाली. "खाऱ्या पाण्यात लोखंडाचा काय होता, आमका ठावक नाय? अडाकला असात. ती बाय एकटी काय काय बघतली? मेल्यांनो, तिना आठ वर्सां राखला म्हणान तुमी जेवलात."

लोकांनी माना हलवल्या. विषय मिटला. खरोखर मिटला, आता सुचिताने नुसतं गप्प बसायचं होतं.

पण तिने मयुरेशकडे बघितलं. तो दाराशी उभा होता आणि प्रमिलाकडे बघत होता. कुणी आपल्या आईकडे बघावं तसा, अभिमानाने. ही बाई माझ्या आवशीला वाचवते आहे, आणि काय सहज वाचवते आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पोराचं लहानपण हिने घेतलं. त्याची हाक हिने घेतली. आता माझ्या चुकीवर पांघरूण घालायचा मोठेपणाही हीच घेणार? आणि तो जन्मभर हिला त्याबद्दल मानणार? ते काही झालं तरी होऊ द्यायचं नव्हतं.

"वन्सं, तुमी बसा," ती उठून म्हणाली. "यंत्र अडाकला नव्हता. मी ठेवलंय चालू."

फरहानने कागदांतून डोकं वर काढलं.

"मासे तुमच्याकडे जातत ता माका बघवना नाय. म्हणान ठेवलंय. पिल्लांचा माका ठावक नव्हता, पण ठावक असता तरी तेव्हा मी बंद केलंय असता काय, ता आज सांगूक येवचा नाय. फरहान, नोंद दाखव तेंका."

चांगल्या कामामागे कारणही चांगलंच हवं असा हट्ट धरला, तर जगातली निम्मी चांगली कामं रद्द करावी लागतील. सुचिताने त्या दिवशी जे केलं ते निव्वळ जळफळाटापोटी केलं. पण एकदा खरं बोलायची गाडी उतारावर लागली, की ती मधल्या थांब्यावर थांबत नाही. मतं पडली. पाच-पाच. अध्यक्षांचं मत विचारलं गेलं.

"वाढीक वाटो," सुचिता म्हणाली. आणि तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं, की त्यात मासे फारच थोडे होते.

शिरगळच्या लोकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. पुढच्या आठवड्यात समितीने नवा अध्यक्ष निवडला. त्याआधी, खुर्ची हातात होती तोवर, तिने एकच कागद सही करून धाडला: मयुरेश अरविंद तारी, होडी पोफळदांड्यात नोंदवायला शिरगळची हरकत नाही.

*

कागद मिळाला त्याच दिवशी मयुरेश होडी घेऊन आला. "चल. आयेन जेवक बोलावल्यान."

"मी नाय येवचंय."

"ती म्हणाली, नाय म्हणतली. तरी आण."

प्रमिलाच्या स्वयंपाकघरात सुचिता पहिल्यांदाच नीट बसली. आजवर ती दारातूनच बोलून परतायची. मयुरेश जेवून जाळी बघायला गेला, आणि दोघी उरल्या. दुपारचं ऊन मागच्या दारातून आत आलेलं. प्रमिला भात वाढत होती, वाढतच होती.

"पुरे, वन्सं."

प्रमिलाने वाढणं थांबवलं नाही. भाताकडे बघतच ती म्हणाली, "सभेत तू बोललंस, तेव्हा माका राग इलो."

"कित्याक?"

"मी सावरलंय सगळा, आणि तू उठान एका घासात खाल्लंस. घराक इलो मयुरेश, तो तुझाच बोलत. मम्मी असा बोलली, मम्मी तसा बोलली. रातभर तांच."

सुचिताने मान खाली घातली. हसू लपवायचं होतं.

"हसा नको," प्रमिला म्हणाली. मग भाताचं भांडं खाली ठेवून तिच्यासमोर फतकल मारून बसली. "आणि एक सांगतंय. परत कधी सांगूचंय नाय. तू रत्नागिरीक होतंस, तेव्हा एका गणपतीक तेका शर्ट आणलेलंस. तो तेना अंगावेगळो करूक नाय. धुवक देय नाय. रात्री उशाक घेऊन झोपा. मी नवे दोन शिवलंय, तेंका हात लावक नाय. दिवसभर करूचा मी, आणि उशाक तुझो शर्ट."

"मगे?"

"मगे काय. तो चुलीत घातलंय मी. आणि तेका सांगलंय, वाऱ्यान उडालो, खाडयेत पडलो. कितीतरी दिवस खाडयेच्या कडेन शोधी फिरलो बिचारो. मी बघी होतंय. तरी सांगूक नाय."

सुचिताने घास ताटात परत ठेवला. तिला राग यायला हवा होता. तिने त्याची थोडी वाटही बघितली. आलं ते काहीतरी वेगळंच, कुठल्याही जन्मवाट्याने कधी दिलं नव्हतं इतकं सुखाचं. ही बाई, सगळ्या गावाची भली बाई, पोराच्या एका मळक्या शर्टावर जळत होती. तिच्यावर जळत होती. सहा वर्षं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "परत एकदा सांगा."

"काय?"

"शर्टाचा. सगळा. पयल्यापासून."

प्रमिलाने तिच्याकडे रोखून बघितलं, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. हसता हसता सुचिताने पदराने डोळे पुसले. "पिवळो होतो ना तो? पिवळो शर्ट?"

"निळो," प्रमिला म्हणाली. "खिशार शिडाची होडी."

सुचिताने आठवून बघितलं. रत्नागिरीचा बाजार आठवला, घाई आठवली, सुटणारी एसटी आठवली. शर्ट काही केल्या आठवला नाही.

"बटणां पांढरी," प्रमिला सांगू लागली. "वरचा एक तुटलेला, थय मी काळा लावलेलंय. कॉलर चावून चावून तेना सुताड काढलेल्यान. बाह्या लांब होत्यो, दुमडूक लागत."

सुचिता ऐकत राहिली. एकेक बटण, एकेक दुमड ती मनात लिहून घेत होती. आणि मध्येच तिला वाटून गेलं, मेलीच्या बरं सगळं लक्षात राहिलं.